न वाकणारं मनगट

३ डिसेंबर, सकाळी

प्लास्टर कापलं. थेरपिस्ट मुलगी म्हणाली, काका, रोज थोडं लिहीत जा, पेन धरणं हाच व्यायाम. काय लिहू विचारलं तर म्हणे काहीही लिहा, कोण वाचतंय. म्हणून ही डायरी. बटणांच्या कंपनीने फुकट दिलेली पडून होती, कामाला आली.

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय. महिनाअखेर पहिल्यासारखं होईल.

नीट नोंद करून ठेवतो. उजवं मनगट. बऱ्याच वर्षांपूर्वी वरच्या फळीवरचे कापडाचे गठ्ठे काढताना शिडीवरून पडलो. आतलं एक लहान हाड मोडलं. मी ते मनावर घेतलं नाही, सांध्याने घेतलं. झिजत झिजत गेला. शेवटी शेवटी मोठी कात्री उचलली की डोळ्यांपुढे काजवे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हा सांधा आता बंदच करून टाकू. हाताच्या हाडापासून तळव्याच्या मधल्या हाडापर्यंत धातूची प्लेट, वर स्क्रू. आतली सगळी हाडं जुळून एक होतील. दुखणं जाईल. बोटं हलतील, तळवा उलटासुलटा होईल, कात्री चालेल. मनगट मात्र पुन्हा वाकणार नाही.

मी म्हटलं, चालेल, मी तसाही वाकणाऱ्यातला नाही. डॉक्टर हसले. बायको हसली नाही.

निघताना डॉक्टरांनी बजावलं: हाताच्या मागच्या बाजूला सूज आली, बोटं उचलताना आत करकर वाटली किंवा एखादं बोट उचलेनासं झालं, तर तारखेची वाट बघायची नाही, सरळ यायचं. सगळ्यांनाच सांगत असणार.

संकल्प: नव्या वर्षी पूर्णवेळ काम. पहिला कोट वकीलसाहेबांचा.

५ डिसेंबर

हात ओळखू येत नाही. बारीक झालाय, सालपटं निघतायत. मागच्या बाजूला लांब व्रण. टाके बरे घातलेत, पण अंतर सारखं नाही.

बायकोने कोमट पाण्यात हात धुतला, बोटांच्या बेचक्यांतून. मी म्हटलं, मला धुता येतो. म्हणाली, माहिती आहे. आणि धूत राहिली.

११ डिसेंबर

दुकानात गेलो. काजाबाईंनी स्वागत केलं. काजाबाई म्हणजे आमच्याकडे काज-बटण आणि हातशिलाई करणाऱ्या बाई. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, जिभेने त्याहून मोठ्या. हात बघून म्हणाल्या, मास्तर, आत खरंच लोखंड घातलंय का हो, वाजवून बघू? बोटाने टकटक केलं. वाजलं नाही. जरा हिरमुसल्या.

कागदावर कात्री चालवून पाहिली. आता मनगटाने नाही, खांद्यातून कापायचं. नवीन टेक्निक आहे. कागदाची कड करवतीसारखी आली. कागद जुना होता.

२ जानेवारी

पूर्णवेळ काम सुरू. म्हणजे सकाळी थोडा वेळ. बाकीचा वेळ नियोजन.

९ जानेवारी

डॉक्टरांकडे तारीख होती. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी उजेडाच्या चौकटीवर लावला आणि म्हणाले, मास्तर, सुंदर जुळलंय, एकजीव. त्यांचा चेहरा असा खुलला होता की जणू स्वतःच शिवलंय. मीही पाहिलं. माझ्या हातात प्लेट पडलेली, स्क्रूंचे दात बाहेर काढून. मग पाहिलं नाही.

त्यांनी विचारलं, काही तक्रार?

आता, तक्रार म्हणावी असं काही नाही. तीन-चार दिवस झाले, अंगठा वर उचलला की आत बारीक करकर होते. नव्या कांजीच्या कापडावरून नख फिरवल्यासारखी. आणि कातडीखाली एका स्क्रूचं डोकं बोटाला लागतं. पण माणूस इतका खूश असताना त्याचा दिवस कशाला घालवायचा? शिवाय माझं लक्ष त्यांच्या कोटाकडे गेलं. खांद्यात लोंबतोय, बाही लांब. एवढा मोठा डॉक्टर आणि रेडिमेड. म्हटलं, साहेब, उभे राहा. खिशातली टेप काढली. ते बिचारे हात पसरून उभे राहिले, नर्स दारातून बघत होती, बाहेर पेशंट ताटकळलेले. मी दरवाजातून निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, अंगठा, बोटं ठीक ना? म्हटलं, फर्स्ट क्लास.

बाहेर बाकावर बायको. डॉक्टर काय म्हणाले?

मी म्हटलं, छाती एक्केचाळीस, पोट त्रेचाळीस.

१७ जानेवारी

हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढा उंचवटा. गिऱ्हाइकं मापाकडे लक्ष देण्याऐवजी तिकडे बघतात. हे धंद्याला बरं नाही.

यावर उपाय माझ्याइतका कुणाला माहीत असणार? उभा जन्म लोकांचे उंचवटे आणि खड्डे झाकण्यात गेला. वकीलसाहेबांचा डावा खांदा चांगला दोन बोटं खाली आहे. कोर्टात आजवर कुणाला कळलेलं नाही, कारण तो खांदा माझ्याकडे आहे, आत, कॅनव्हास आणि कापसाचा.

मग स्वतःसाठी पट्टा शिवला. कॅनव्हासच्या दोन घड्या, मध्ये खांद्याच्या पॅडचं फेल्ट, आतून सॅटिनचं अस्तर, वर कोटाचंच कापड, बक्कल. मनगटावर असा बसला की उंचवटा गायब. घट्ट ओढला की दिसायला आणखी सुबक.

काजाबाई चष्मा वर करून म्हणाल्या, मास्तर, हे हाताला घातलंय की हाताचं तोंड बांधलंय?

मी म्हटलं, याला सपोर्ट म्हणतात.

२४ जानेवारी

पट्ट्यामुळे करकर कमी. निदान ऐकू येत नाही. बक्कल आणखी एक भोक आत घेतलं. संध्याकाळी बोटं जाड वाटतात. वापर वाढला की जाडी येणारच.

३१ जानेवारी

थेरपिस्ट मुलीकडे. तिला पट्टा काढायचा होता. मी म्हटलं, डॉक्टरांनी दिलाय. तिने ठीक आहे म्हटलं. (डॉक्टरांच्या क्लिनिकमधून गेल्या आठवड्यात फोन होता, पुढची तारीख घ्या म्हणून. त्यांना सांगितलं, थेरपिस्टकडे नियमित चालू आहे, ती बघतेच. दोन्हीकडे विश्वासाचं वातावरण आहे.)

तिने अंगठा उचलायला लावला. खोली एकदम शांत. माझा हात तिच्या हातात, ती वाकून बघतेय, आणि मला आतली करकर अशी ऐकू आली, जणू कुणी जिन्यावरून चढतंय. मी मोठ्याने खोकलो. पुन्हा उचलायला लावला. पुन्हा खोकलो.

काका, हा खोकला कधीपासून आहे?

छातीच्या डॉक्टरांचं नाव दिलंय. दुकानातही अंगठा उचलला की हाच खोकला येतो, काजाबाई कान टवकारतात. जाऊन यावं म्हणतो. तब्येतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी

बायकोच्या मशीनवर दोरा सारखा तुटत होता. तिने दोरा बदलला, सुई बदलली, काजाबाईंनी मशीनला दोन शिव्या दिल्या. मी म्हटलं, बाजूला व्हा. सुई ज्या भोकातून खाली जाते, त्याच्या कडेवरून नख फिरवलं. नखाला खरखर लागली. बारीकसा चरा. पॉलिश पेपरने घासून कड गुळगुळीत केली, दोरा तुटायचा थांबला. काजाबाईंना समजावून सांगितलं, दोऱ्याचा दोष नसतो हो, कड खरखरीत असली की तो रोज थोडा थोडा झिजतो. आवाज करतो, आपण ऐकत नाही. मग एक दिवस

नंतर जरा बसून होतो. काजाबाईंनी विचारलं, मास्तर, काय झालं, पांढरे पडलात? म्हटलं, ॲसिडिटी.

५ फेब्रुवारी

ठरलं. सोमवारी डॉक्टरांना फोन. नक्की.

९ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. एंगेज. मी तरी काय करणार?

१२ फेब्रुवारी

कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

ऑपरेशनच्या दिवशी मानेत इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर केला होता. वर झोपेचं औषध. जाग आली तेव्हा माझ्या छातीवर कुणाचा तरी हात होता. जड, गरम, बँडेज बांधलेला. मला वाटलं शेजारच्या पेशंटचा पडला असेल. डाव्या हाताने उचलला आणि बाजूला ठेवायला गेलो, तर तो संपेना. उचलत गेलो, तो येत गेला, माझ्या खांद्यापर्यंत. मी नर्सला हाक मारली. ती हसून म्हणाली, काका, तुमचाच आहे तो, संध्याकाळपर्यंत येईल जाग्यावर.

मीही हसलो. पण संध्याकाळपर्यंत त्याला डाव्या हाताने धरून ठेवलं होतं. सोडला तर खाली पडेल, आणि मला कळणारही नाही, असं वाटत होतं. नंतर हळूहळू मुंग्या आल्या, बोटं आली. सगळे म्हणाले, आला ना परत? हो म्हटलं. पूर्ण पटलेलं नाही अजून.

करकरीचं सांगितलं की डॉक्टर म्हणणार, उघडून बघू. म्हणजे पुन्हा इंजेक्शन.

अर्थात न जाण्याचं कारण हे नाही. कारण सीझनचं काम आहे.

१६ फेब्रुवारी, सकाळी

करकर थांबली!

रात्रीतून. अजिबात नाही. दुखतही नाही. पट्ट्याचा गुण. मला आधीपासून खात्री होती, फक्त धीर धरावा लागतो. उगाच डॉक्टरांकडे धावलो असतो तर चिरफाड झाली असती. हा पट्टा इतर पेशंटनाही देता येईल. डॉक्टरांच्या कोटाची ट्रायल होईल तेव्हा विषय काढावा.

अंगठा थोडा आळसावलाय. थंडी.

१७ फेब्रुवारी

वकीलसाहेब येऊन गेले. पुढच्या महिन्यात न्यायाधीश म्हणून शपथ घेणार. कापड स्वतः आणलं, काळं, उत्तम. म्हणाले, मास्टर, हा खांदा आता न्यायासनावर बसायचाय, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही. बायकोकडे बघून म्हणाले, वहिनी, साक्षीदार राहा.

कापड टेबलावर अंथरलं. खडूने पाठ आखली, पुढचे भाग आखले. कात्री घेतली. पहिला घाव छान बसला.

कात्री मिटली आणि उघडेना.

मी उघडतोय, ती उघडत नाही. कात्रीचा स्क्रू आवळला असणार. तेल सोडलं. तरी नाही. डाव्या हाताने पाती फाकवली, पुन्हा घाव घातला, पुन्हा मिटली ती मिटलीच. काजाबाईंनी मुकाट्याने माझ्या हातातून काढून घेतली आणि हवेत उघडझाप केली. कच-कच-कच. म्हणाल्या, मास्तर, ही तर लोण्यासारखी चालतेय.

मी म्हटलं, तुमच्या हाताची पद्धत वेगळी.

त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मी हात खिशात घातला. म्हटलं, आज उजेड बरोबर नाही, उद्या कापू.

१९ फेब्रुवारी

डोकं चालवलं की मार्ग निघतो. अंगठ्यात इलॅस्टिकचं कडं, त्याला पट्टी, ती वर पट्ट्याला शिवलेली. मिटायचं काम मी करायचं, उघडायचं काम इलॅस्टिकने. शुद्ध इंजिनिअरिंग. हवेत पाच-सहा वेळा उत्तम चाललं.

कापडावरही चाललं. वीतभर कापलं असेल. मग इलॅस्टिक निसटलं, अंगठा आतल्या बाजूला कोसळला आणि पात्याने तोंड वळवलं. छातीच्या भागात तिरका कट.

घाबरण्यासारखं नाही. तेवढं शिवणीत जाईल.

दुपारी

खडू मारून पाहिलं. शिवणीत जाणार नाही.

२१ फेब्रुवारी

बायको चहा घेऊन आली. मी डाव्या हाताने कप घेतला. तिने कप परत काढून घेतला, टेबलावर ठेवला, माझ्यासमोर बसली आणि पट्ट्याचं बक्कल सोडलं. मी अस्तराबद्दल काही सांगत होतो. पट्टा निघाल्यावर कातडीवर त्याचा ठसा होता, शिवणीसकट.

तिने माझा तळवा टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, अहो, अंगठा वर करा.

मी थंडीचं सांगितलं. उजेडाचं सांगितलं. ती म्हणाली, वर करा.

चारी बोटं थोडी थोडी उठली. अंगठा पडून राहिला, झोपेचं सोंग घेतल्यासारखा. मी जोर लावला. खांदा उचलला गेला, भुवया उचलल्या गेल्या. तो नाही.

कधीपासून?

म्हटलं, आजच, म्हणजे आत्ताच जरा. कोपऱ्यातून काजाबाईंचा आवाज, वहिनी, मंगळवारपासून. आणि करकरतोय तो त्याच्या किती आधीपासून, हे लपवायला यांनी खोकला लावून घेतलाय.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मला का नाही सांगितलंत?

तू घाबरली असतीस.

ती म्हणाली, मी ऑपरेशनच्या दिवसापासून घाबरलेलीच आहे हो. तुम्ही बघितलं नाहीत, एवढंच.

चहा गार झाला. काजाबाईंनी दुसरा करून आणला आणि कधी नव्हे ते काही बोलल्या नाहीत. याचीच जास्त भीती वाटली.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर. पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाले, शिलाई अप्रतिम आहे. मग बराच वेळ माझा हात दाबून बघत होते.

मग म्हणाले ते असं. एका स्क्रूचं डोकं किंचित वर राहिलं होतं. कधी कधी राहतं. त्यावरून अंगठा वर ओढणारी दोरी जाते, तिला ते टेंडन म्हणतात. दोरी घासत होती, ती करकर. घासून तुटली, म्हणून करकर थांबली. दुखलं नाही, कारण तुटताना दुखतंच असं नाही. पट्टा दिवसभर दोरीला त्या डोक्यावर दाबून धरत होता.

बायकोने विचारलं, आधी आलो असतो तर?

डॉक्टर तिच्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. हाडं जानेवारीतच जुळली होती, प्लेटचं काम संपलं होतं. तेव्हा कळलं असतं तर नुसती प्लेट काढली असती, दोरी वाचली असती. आता दोरीची टोकं झिरझिरीत झाली असणार, गाठ मारता येणार नाही. अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला दोन दोऱ्या असतात. त्यातली एक काढून अंगठ्याला द्यायची. आणि प्लेट आता काढायचीच, नाहीतर उद्या बाकीची बोटं जातील.

मी विचारलं, एका बोटाला दोन दोऱ्या कशाला दिल्या असतील?

डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारख्यांसाठी.

मोठी कात्री पुन्हा चालेल का, हे मला विचारायचं होतं. तोंडातून निघालं, साहेब, कोटाची ट्रायल कधी ठेवायची? बायकोने माझ्याकडे बघितलं. मग तिनेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची चालते. सगळ्यांची नाही.

बाकी सगळं ऐकू आलं नाही.

२६ फेब्रुवारी

संकल्प: घाबरायचं नाही. जीवनसत्त्वं. सकाळी फिरणं.

फिरायला गेलो नाही. सकाळपासून हात उशीवर ठेवून बघत बसलोय. बाकीची बोटं मोजतो, एकेक उचलून. अजून आहेत.

५ मार्च, सकाळी

आज ऑपरेशन. डाव्या हाताने लिहितोय, सराव म्हणून. उजवा चांगला आहे, त्याला विश्रांती.

टॅक्सीत बायकोला ते सांगितलं. छातीवरच्या हाताचं. सांगायचं नव्हतं, पण सिग्नलला गाडी थांबली आणि माझे दात वाजत होते, तर तिने विचारलं. ऐकून म्हणाली, एवढंच ना? मी धरून बसेन तो. तुम्ही जागे व्हाल तेव्हा कुणाचा ते मी सांगेन.

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. म्हणाला, काका, माझ्या मेव्हण्याचंही झालं असंच, आता मस्त आहे. कशाचं झालं विचारलं, तर म्हणे अपेंडिक्स.

६ मार्च

जाग आली तेव्हा छातीवर दोन हात होते. एक कुणाचा ते माहीत होतं. त्याच्याखाली होता तो आपला असणार, असं धरून चाललो.

१४ मार्च

मी बिछान्यातून सूचना देणार होतो, पण कुणी विचारायला आलं नाही. वकीलसाहेबांचा कोट बायकोने कापला. छातीचा भाग नव्याने, उरलेल्या कापडातून, मापात बसवून. खांदा काजाबाईंनी हाताने भरला. आज ट्रायल झाली. वकीलसाहेबांनी आरशासमोर डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं हा खांदा थोडा टोचायचा हो. मास्टरना बोललो नाही कधी, त्यांना वाईट वाटलं असतं.

कापड चांगलं होतं.

२० मार्च

नवा संकल्प आहे: काही वाटलं की त्या क्षणी सांगायचं. लपवायचं नाही. झाकायचं नाही. आज पाळला.

काल हाताला आधार देणारी गळ्यातली झोळी ढगळ वाटत होती म्हणून डाव्या हाताने जरा टाके मारून आवळली. आज दुपारी चहा पिताना कोपराजवळ टोचलं. आत. तीक्ष्ण. हललं की पुन्हा. पूर्वीचा मी असतो तर गप्प बसलो असतो. आताचा मी उभा राहून म्हणालो, स्क्रू राहिलाय एक आत, बाहेर येतोय!

बायको मशीनवरून उठली ती पायात चप्पल न घालता. काजाबाईंनी दुकान अर्धं बंद केलं, अर्ध्याला कुलूप लावायचं राहिलं. टॅक्सी. मी घामाघूम, बायकोने माझा खांदा धरलेला, काजाबाई पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला, अरे हाकल की, आमच्या मास्तरांच्या आतून लोखंड निघतंय. इमर्जन्सीत डॉक्टर धावत आले. नर्सने झोळी सोडली, डॉक्टरांनी कोपर पाहिलं, मग झोळीची शिवण पाहिली, आणि चिमटीत धरून एक टाचणी काढली.

मग काजाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि खांदे गदगदा हलायला लागले. बायको भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता रडायला लागली आणि तिला थांबवता येईना. मी तिच्या पाठीवर डावा हात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, मास्तर, आलात ते बरोबर केलंत. अशा शंभर टाचण्या घेऊन या.

टाचणी माझी नव्हती. इतक्या वर्षांत शिवणीत टाचणी विसरलेली मला आठवत नाही. हॉस्पिटलची असावी.

९ एप्रिल

आज हाताचा कडक आधार काढला. थेरपिस्ट मुलीने तळवा टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, काका, नीट ऐका. अंगठ्याला आता पहिल्या बोटाची दोरी आहे, पण ते त्या दोरीला अजून माहीत नाही. म्हणून अंगठा उचला असं मनात म्हणायचं नाही. पहिलं बोट उचलतोय असं म्हणायचं.

मी म्हटलं, सोपं आहे, मनावर माझा चांगला ताबा आहे.

पहिलं बोट, म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. भुवया उचलल्या गेल्या. अंगठा तिथेच, टेबलावर, आडवा. पुन्हा. मानेवर घाम. बायको दाराशी उभी होती, तिने स्वतःचाच अंगठा मुठीत घट्ट धरला होता.

थेरपिस्टने विचारलं, काका, काही होतंय का?

फर्स्ट क्लास, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, भीती वाटते गं. उचललाच नाही तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही.

ती म्हणाली, वाटू दे. बोट उचला.

उचलला. अंगठा. थेरपिस्टने प्लास्टिकची पट्टी लावली. तिच्या भाषेत तीन मिलिमीटर. आमच्या भाषेत एक सूत.

दोन लिहिणार होतो.